कण्हेर पोटात गेली असता हृदयाचे ठोके कसे सांभाळावेत

इंदुरात रस्त्यांच्या दुभाजकांपासून जुन्या वाड्यांच्या अंगणांपर्यंत कण्हेर सर्वत्र दिसते, आणि पिवळी कण्हेर, जिला आपणही येथे सर्रास ‘कनेर’ म्हणतो, ती तर महादेवाला वाहण्यासाठी मुद्दाम लावली जाते. ह्या दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांतील द्रव्ये डिजॉक्सिन ह्या औषधाप्रमाणे हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप (हे क्षार पेशीच्या आत-बाहेर नेणारी यंत्रणा) अडवतात. त्यामुळे रक्तातील पोटॅशियम वाढते, नाडी मंदावते, आणि ठोके मध्येच चुकू लागतात किंवा अनियमित धावू लागतात.

कोणी बी, पान वा फूल खाल्ल्याचे कळताच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा रुग्णाला इंदुरातील एम. वाय. रुग्णालयासारख्या, हृदयाच्या ठोक्यांवर चोवीस तास लक्ष ठेवणारा मॉनिटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये. ताक, तूप वा लिंबू देण्यातही वेळ दवडू नये. खाल्लेल्या भागाचा नमुना आणि खाण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत घ्यावी, कारण डॉक्टरांना ह्या दोन गोष्टींचा फार उपयोग होतो. रुग्णाला ग्लानी आली असेल तर कुशीवर निजवावे. तो हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वासही नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे.

रुग्णालयात ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी सर्वांत आधी होते. नाडी मंद असल्यास अ‍ॅट्रोपिन देतात आणि त्याने भागले नाही तर तात्पुरता पेसमेकर बसवतात. वाढलेले पोटॅशियम इन्शुलिन व ग्लुकोज देऊन उतरवतात. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लवकर आणल्यास पोटातील विष शोषून धरणारा सक्रिय कोळसा दिला जातो. मात्र तो वारंवार देण्याविषयी श्रीलंकेतील दोन चाचण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत: २००३ च्या चाचणीत लाभ दिसला, २००८ च्या चाचणीत दिसला नाही. डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे विषाला चिकटून ते निष्प्रभ करणारी प्रथिने, हा खरा उतारा. पण ती महाग आहेत आणि आपल्याकडे सहजी मिळत नाहीत, म्हणून बाकीचे उपचार वेळेवर सुरू होणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

घरच्यांची चूक बहुधा ह्यापुढे होते, आणि ती टाळण्यासाठीच मी हे कळकळीने लिहीत आहे. उलट्या थांबल्या आणि रुग्ण बोलू लागला, की ‘आता बरा आहे, घरी नेतो’ असा आग्रह धरला जातो. परंतु ठोके काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही बिघडू शकतात, त्यामुळे लक्षणे नसली तरी किमान २४ तास मॉनिटर लावून ठेवावा लागतो. ईसीजीत दोष दिसला असेल तर त्याहून अधिक. डॉक्टर थांबा म्हणतील तोवर थांबावे, आणि चक्कर आली, नजरेपुढे पिवळे दिसू लागले किंवा छातीत धडधडले, तर रात्री कितीही वाजले असले तरी नर्सला त्याच क्षणी उठून सांगावे.