लहान मुलांना घरचं सांगताना शिक्षकांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात शिक्षकाचं खासगी आयुष्य फारसं खासगी राहतच नाही. सकाळी पाढे घेणाऱ्या बाई संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी पहिलीतलं पोर भर वर्गात विचारतं, "बाई, ते काका कोण होते?" इथं घरचं काहीच न सांगण्याचा पण टिकत नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं. गडबड होते ती समोरच्या मुलाच्या वयाचं भान सुटलं की. म्हणून हे पहिली ते चौथीपुरतं लिहिते आहे.

"तुमच्यामुळं माझं बीपी वाढतंय"

दंगा वाढला की हे वाक्य तोंडातून सहज जातं. बोलणाऱ्याला ते साधं रागावणं वाटतं, पण सहा-सात वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं. या वयात घडलेल्या गोष्टीचं कारण मुलं स्वतःत शोधतात: मी हट्ट केला म्हणून आजी आजारी पडली, मी मारामारी केली म्हणून बाबा चिडून निघून गेले. त्यात बाई पुढचे दोन दिवस रजेवर असल्या तर मुलाची खात्रीच पटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. एका वाक्याला कुणी छळ म्हणणार नाही, पण तेच वाक्य रोज ऐकणारं मूल वर्गात कसं बसत असेल?

बोलून गेलाच असाल तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत सावरून घ्या. "मघाशी मी रागात बोलले. माझं बीपी तुमच्यामुळं वाढत नाही. त्याची गोळी मी घेते, डॉक्टर बघतात. दंगा मात्र बंद करायचा." शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर बाई घाबरल्या एवढंच मुलांना कळतं.

दुखणं लपवणं किंवा सगळंच ओतणं

सासरे सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट आहेत, रात्रभर जागरण झालंय, डोळे सुजलेत. हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. "काही नाही" म्हटलं तर त्यांना ते पटत नाही, आणि ऑपरेशन, खर्च, डॉक्टरांचं बोलणं असं सगळं सांगितलं तर ती घरी जाऊन जेवत नाहीत. काय झालंय, कोण बघतंय आणि मुलांनी काय करायचं, एवढं सांगितलं तरी भागतं. "माझ्या घरी आजोबा आजारी आहेत. डॉक्टर आणि घरचे त्यांची काळजी घेतायत. तुम्ही वही काढा."

"घरी सांगू नका हं"

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. बाईंना बाळ होणार असतं, त्या आनंदानं म्हणतात, "तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, कुणाला बोलायचं नाही." हेतू निर्मळ असतो. पण मोठं माणूस गुपित देतं आणि ते आईपासून लपवायचं असतं, हे मूल त्यातून शिकतं. मुलांचा गैरफायदा घेणारी माणसं नेमकं हेच वाक्य वापरतात. एका तासाला 'गुड टच, बॅड टच' शिकवायचं आणि दुसऱ्या तासाला असं गुपित द्यायचं, हे एकत्र चालणार नाही.

त्याहून वाईट म्हणजे एकाच समजूतदार मुलीला जवळ बसवून नवऱ्याशी झालेलं भांडण सांगणं. तिला मोठं झाल्यासारखं वाटतं, ती बाईंचा चेहरा बघत बसते आणि खेळायला जात नाही. मन मोकळं करायला स्टाफरूम आहे, मैत्रीण आहे, बहीण आहे. मुलानं संध्याकाळी आईला जसंच्या तसं सांगितलं तरी चालेल, तेवढंच वर्गात बोलावं.

थकलेला पगार, बदली, मुख्याध्यापकांशी झालेला वाद यातलं वर्गात काहीच बोलू नये. पालकांना दिसणाऱ्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही हेच लागू.

आपलं घर म्हणजे मापदंड

"माझी मुलगी दुसरीत असताना सगळे पाढे म्हणायची." किंवा, "आमच्याकडे मटण घरात येत नाही," हे नाक मुरडून. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा हा निम्म्या वर्गाच्या घरचा आनंद असतो. सोमवारी 'काल काय केलं' यावर लिहायला सांगितल्यावर तेच मूल खोटं लिहितं.

काहीच न सांगणं

ही उलट बाजूची चूक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं, त्या बाईंनी "मी आधी काय उचललं असेल?" एवढं विचारलं तरी वर्ग लिहायला लागतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे शिकवताना "माझ्या आजीला सही येत नव्हती" हे एक वाक्य धडा जिवंत करतं. असे अनुभव जरूर सांगा. त्यातला प्रसंग पार पडलेला असतो, आणि तुम्हाला सावरायची जबाबदारी मुलांवर येत नाही.

नकोसा प्रश्न आला, "बाई, तुम्हाला बाळ का नाही?", तर ओरडू नका. "ते माझ्या घरचं आहे, मी वर्गात सांगत नाही. तू विचारलंस त्यात चूक काही नाही." मूल तेवढ्यावर ऐकतं.

तुमच्या गोष्टीवर मुलानं त्याची सांगितली तर

"बाई, माझे बाबा पण आईला मारतात." इथं आपली गोष्ट तिथंच सोडा. त्याला बाजूला घेऊन ऐका, "बरं झालं सांगितलंस" म्हणा, खोदून विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुळीच देऊ नका. त्याचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना कळवा. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनं 'आपसात मिटवू' म्हटलं तरीही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.