पावसाळ्यात कुत्र्याला फिरवायचंय? बूट असे निवडा

आमची चिंगी गावठी आहे, सहा वर्षांची. पाऊस असो वा नसो, पहाटे साडेपाचला ती दारापाशी जाऊन बसते. पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी घर असल्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही दोघी रोज दोनदा चिखल तुडवतो. पहिल्या पावसाळ्यात मी जुने स्पोर्ट्‌स शूज वापरले आणि ऑगस्टपर्यंत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. दुसऱ्या वर्षी चांगले पैसे मोजून घोट्यापर्यंतचे 'वॉटरप्रूफ' ट्रेकिंग शूज घेतले. त्यातही पाय ओलेच. चूक बुटांची नव्हती, माझी निवडच चुकली होती. तुमची चुकू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी पाहा, पाणी शिरतं कुठून

आपण दुकानात बुटाचं कापड पाण्याला दाद देतं का, एवढंच पाहतो. पण आपल्याकडच्या पावसात पाणी बहुतेक वेळा वरून शिरतं. पँट भिजते, पाणी पोटरीवरून ओघळतं, मोज्यांत मुरतं आणि तिथून बुटात उतरतं. रस्त्यावरचं डबकं घोट्याहून खोल निघालं, तर बोलायलाच नको.

गोअर-टेक्ससारखा पडदा आत शिवलेल्या बुटांचं गणित असं असतं: बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि आतल्या घामाची वाफ बाहेर जाऊ द्यायची. ही वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी लागते. युरोपातल्या थंड डोंगरांत ते जमतं. जुलैतल्या पुण्यात किंवा रत्नागिरीत हवाच इतकी दमट असते की वाफ आतच कोंडते. त्यात वरून पाणी शिरलं तर तोच पडदा ते धरून ठेवतो आणि बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. रोज दोनदा फिरणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. हे बूट हिवाळ्यातल्या दवासाठी उत्तम आहेत. भर पावसासाठी साधा गमबूटच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आपली माती ओळखा

काळी माती ओली झाली की फुगते आणि तळव्याला लोण्यासारखी चिकटते. दहा पावलांत प्रत्येक पायाला किलोभर ओझं झाल्यासारखं वाटतं. अशा मातीत तळव्याच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे पाय झटकला की चिखल सुटतो. बारीक, दाट नक्षी पाच मिनिटांत भरून सपाट होते.

कोकणातल्या जांभ्यावर, सह्याद्रीच्या काळ्या कातळावर किंवा सोसायटीच्या फरशीवर मात्र खरा शत्रू शेवाळ. तिथे खाचांपेक्षा तळव्याचं रबर किती मऊ आहे ते महत्त्वाचं. अंगठ्याचं नख तळव्यात दाबून पाहा. किंचित रुतलं तर पकड बरी मिळेल. प्लॅस्टिकच्या बादलीसारखं कडक लागलं तर तो बूट घसरणार. अर्थात शेवाळावर कुठलाच बूट भरवशाचा नाही. तिथे चाल हळू ठेवा आणि पट्टा हातात राहू द्या, मनगटाला गुंडाळू नका.

पीव्हीसी की रबर?

हार्डवेअरच्या आणि शेतीच्या सामानाच्या दुकानांत मिळणारे स्वस्त गमबूट बहुधा पीव्हीसीचे असतात. एकाच साच्यात ओतलेले असल्यामुळे ते गळत नाहीत, पण जड आणि ताठ असतात. नैसर्गिक रबराचे बूट महाग; मात्र पायाबरोबर वाकतात आणि ओल्या दगडावर जास्त विश्वासाचे ठरतात. दिवसाला अर्धा तास सपाट रस्त्यावर फिरणार असाल तर पीव्हीसी पुरे. टेकडी चढणार असाल तर रबरावर पैसे खर्च करा. बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट कारखान्यासाठी असतात, ते नकोत.

उंची पोटरीच्या मध्यापर्यंत हवी. गुडघ्यापर्यंतच्या बुटात चढ चढताना पोटरी आवळते, आणि घोट्याच्या वर जेमतेम चार बोटं येणारा बूट पहिल्याच ओढ्यात भरतो. पावसाळ्यात घोणस, फुरसं वाटेवर येतात, तेव्हाही पोटरी झाकलेली बरी. अंधारात टॉर्च हवाच.

इंग्लंडमध्ये याच बुटाला वेलिंग्टन म्हणतात. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याच्यावरून हे नाव पडलं. त्याचे बूट मात्र कातडी होते. रबरी बूट १८५० नंतर आले.

दुकानात घालून पाहताना

संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पावसात घालणार तेच मोजे बरोबर न्या. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि चिखल्यांना तेवढंच निमित्त पुरतं. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

आता टाच. कुत्रा पाळणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एकदा टेकडीवर चिंगीला मोर दिसला, तिनं हिसका दिला आणि माझा पाय बुटातून निघाला. बूट चिखलातच रुतून राहिला. काळी माती बूट अक्षरशः ओढून घेते. म्हणून बूट घालून पंजावर उभं राहा आणि सोबतच्या माणसाला टाचेकडून बूट खाली दाबून धरायला सांगा. आता पाय वर उचला. टाच बोटभर उचलली तर चालेल, सगळा पाय वर सरकला तर एक नंबर लहान किंवा दुसऱ्या घडणीचा बूट पाहा. दुकानात जिना असेल तर उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटू नयेत.

जुना साठा असेल तर बूट घोट्यापाशी दुमडून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर तो घेऊ नका.

घरी आणल्यावर

बुटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद कोंबा, वर वजन ठेवा आणि काठाच्या खालपर्यंत पाणी येईल असा बादलीत अर्धा तास ठेवा. कागद ओला निघाला तर बिल घेऊन दुकान गाठा.

हा खटाटोप फक्त आरामासाठी नाही. उंदीर, गुरं आणि कुत्रे यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. पायाला चीर असेल तर पट्टी लावूनच बूट घाला. कुत्र्यासाठी या रोगाची लस आहे, ती दरवर्षी द्या, आणि घरी आल्यावर त्याचे पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा.

बूट साध्या पाण्यानं धुवा, आत कागद भरून सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा गीझरजवळ ठेवलेलं रबर लवकर तडकतं. रात्री ते उलटे करून ठेवा, आणि तरीही सकाळी घालण्याआधी दोन्ही बूट जमिनीवर आपटून झटका. पावसाळ्यात विंचवाला कोरडी, अंधारी जागा हवी असते.