एक-चौदावरची जुनी कोर्टाची अटॅचमेंट काढायची कशी

गोव्यात जमीन विकायला काढली किंवा बँकेत लोनसाठी गेलं की मगच कोणीतरी एक-चौदाचा (फॉर्म I व XIV, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे रेकॉर्डचा) उतारा नीट वाचतो, आणि अदर राइट्सच्या (इतर हक्कांच्या) रकान्यात आजोबांच्या काळातली जप्ती सापडते. बहुतेक जण सरळ मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे धावतात. ती नोंद कोर्टाच्या ऑर्डरने बसलीय, त्यामुळे मामलेदारही कोर्टाचीच ऑर्डर आणा म्हणणार. म्हणजे पणजी, म्हापसा, मडगाव, ज्या कोर्टाने लावली तिथेच जायचं. काही जण याला कॅव्हेट म्हणतात, पण सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) 148-अ चं कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय ऑर्डर देऊ नका’ असा कोर्टात आधीच दिलेला अर्ज, 90 दिवसांत आपोआप संपतं, ते हे नव्हे.

पहिलं काम केस नंबर शोधणं. एक-चौदा आणि सब-रजिस्ट्रारकडचं एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट (जमिनीवरच्या बोजांचा दाखला) काढा, नोंद पोर्तुगीज काळातली असेल तर लँड रजिस्ट्रेशनमधलं डिस्क्रिप्शन-इन्स्क्रिप्शनही (जमिनीचं वर्णन आणि तिच्यावरच्या हक्कांची नोंद), ते कागद पोर्तुगीजमध्ये असतात तेव्हा भाषांतर करून घ्यावं लागतं. मग कोर्टात सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज. फाइल सापडत नाही असं नुसतं तोंडी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका, लेखी घ्या.

खरा मुद्दा हा की त्या केसचं शेवटी झालं काय. निकालाआधीची जप्ती होती आणि दावाच फेटाळला गेला तर सीपीसीच्या ऑर्डर 38 रूल 9 खाली कोर्टाने ती उठवायलाच हवी. पैसे भरलेले असतील तर पावती शोधा, मग ऑर्डर 21 रूल 55 खाली जप्ती उठवून मागा. आणि वकीलसुद्धा कधी कधी विसरतात तो त्याच ऑर्डरचा रूल 57: एक्झिक्युशनचा (निकालाच्या अंमलबजावणीचा) अर्ज फेटाळताना जप्ती चालू राहणार की नाही हे कोर्टाने लिहिलंच नसेल तर ती संपली असंच धरतात. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या नोंदी नुसत्या याच मुद्द्यावर निघू शकतात. पैसे वसुलीच्या डिक्रीची (कोर्टाच्या हुकूमनाम्याची) अंमलबजावणी 12 वर्षांत मागावी लागते, तेही जप्ती उठवण्याच्या अर्जात घाला.

अर्जात आजोबांचे सगळे वारस हवेत, सक्सेशन डीड (वारस कोण ते सांगणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरीची (वारसांमधल्या वाटणीच्या केसची) ऑर्डर जोडा. गोव्यात लग्नानंतर मालमत्तेत नवरा-बायको दोघांचा अर्धा-अर्धा वाटा धरतात, तेव्हा भावांबरोबर वहिनींच्या आणि बहिणींबरोबर भावोजींच्याही सह्या घ्या, एक जण दुबईत असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आधीच मागवून ठेवा, नाहीतर तारखांवर तारखा. समोरच्या पार्टीचे वारस सापडत नसतील तर ऑर्डर 5 रूल 20 खाली पेपरात नोटीस द्यायची परवानगी मागता येते.

ऑर्डरमध्ये गाव, सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन स्पष्ट लिहून मागा, आणि मामलेदार व सब-रजिस्ट्रारला कोर्टाने कळवावं असंही. ‘जप्ती उठवली’ एवढंच लिहिलेला कागद घेऊन गेलात तर टेबलावरचा क्लार्क विचारणार, कुठल्या जमिनीची? सर्टिफाइड कॉपी दोन-तीन जादा काढा, अर्जाची पोच घ्या, आणि नवीन एक-चौदावर तो रकाना रिकामा दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून अ‍ॅडव्हान्स घेऊ नका.