साखर कमी करताना आधी वेळा मोजा, मग चमचे

साखर कमी करायचे ठरले की बहुतेक जण चहातल्या चमच्यापासून सुरुवात करतात. दातांच्या दृष्टीने मात्र दिवसभरात किती साखर खाल्ली, याइतकेच ती किती वेळा तोंडात गेली हेही महत्त्वाचे असते. दातांवरच्या थरातील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखरेपासून काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि थराचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल शमवते आणि गेलेली खनिजे थोडीफार परतही बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो.

आता ठाण्याहून नवी मुंबईतील महापे-तुर्भ्याकडे कामाला जाणाऱ्या माणसाचा दिवस पाहा. घरचा चहा, स्टेशनबाहेरचे कटिंग, अकराच्या सुमारास ऑफिसातील मशीनचा चहा आणि बिस्किटे, चार वाजता पुन्हा तेच, परतताना उसाचा रस. एका वेळची साखर थोडीच असते, पण लाळेला सवड अशी मिळतच नाही. म्हणून पहिला आठवडा काहीही न सोडता फक्त वेळा लिहून काढाव्यात. मशीनच्या चहाच्या पावडरीत साखर बहुधा आधीच मिसळलेली असते, तीही या यादीत धरावी.

दुसरे काम गोड पदार्थ जेवणाबरोबर घेण्याचे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकात रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांची संमती न घेता झालेले ते प्रयोग आज कोणीही योग्य म्हणणार नाही. त्यातून दिसले ते असे, की जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट टॉफीने मात्र ती झपाट्याने वाढली. त्यामुळे श्रीखंड पानात वाढून घ्यावे आणि नंतर खळखळून चूळ भरावी. दुपारी येता-जाता चिक्कीचा तुकडा तोंडात टाकणे त्याहून वाईट. गूळ आणि मध पौष्टिक म्हणून मुलांना सढळ हाताने दिले जातात, पण दातांवरच्या जिवाणूंना त्यांतली साखरही तितकीच चालते.

वेळा कमी झाल्या की चमच्याकडे वळावे. दर आठ-दहा दिवसांनी चहातली साखर पाव चमचा कमी करावी. घरात सर्वांचा चहा एकत्र उकळत असेल तर साखर पातेल्यात न घालता कपात घालावी, म्हणजे ज्याचे त्याला प्रमाण ठरवता येते. टपरीवर साखर आधीच उकळलेली असते, त्यामुळे बिनसाखरेचा चहा मागून वरून हवी तेवढी घालून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेचा, तसेच मध आणि फळांच्या रसातील साखरेचा मिळून वाटा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावा. २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम होते.

चव किती बदलेल, याबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नये. चव आणि वास यांवर संशोधन करणाऱ्या, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्राच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर कमी केलेल्या लोकांना तिसऱ्या महिन्यापर्यंत तीच खीर अधिक गोड लागू लागली, मात्र त्यांना आवडणारी गोडी फारशी उतरली नाही आणि बंधन सुटताच ते पुन्हा जास्त साखर घेऊ लागले. माझ्या मते, म्हणूनच सणापुरता संयम उपयोगाचा नाही. चहाचे नवे प्रमाण हेच घरातले रोजचे प्रमाण व्हायला हवे.

साखर घटवली तरी रात्रीचा ब्रश सुटता कामा नये. झोपेत लाळ फार कमी होते, म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये आणि लहान मुलांना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. दातावरचा पांढरट डाग ही किडीची सुरुवात असते, आणि ती वेळीच काळजी घेतली तर थांबू शकते. खड्डा पडला असेल तर तो आपोआप भरत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडेच जावे. खर्चाची अडचण असेल तर नेरूळ किंवा खारघर येथील दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी.