बटण बंद, तरी एलईडी मंद पेटतोच

डिचोलीतल्या आमच्या जुन्या घरात चवथीआधी ६० वॅटचे पिवळे बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लावले. उजेड साधारण तेवढाच, वीज जेमतेम सातवा हिस्सा. पण माजघरातला दिवा बटण बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणायचा. आई म्हणाली, बल्बच खराब. बदलला, नवाही तसाच!

खोट बटणातल्या लाल इंडिकेटरची निघाली. बटण बंद असताना तो बल्बमधूनच किंचित प्रवाह ओढतो. जुन्या बल्बची तार तेवढ्याने तापत नसे. एलईडीच्या आतल्या सर्किटमधला कपॅसिटर मात्र तो साठवत राहतो, म्हणून दिवा मिणमिणतो किंवा मधूनच लुकलुकतो. इलेक्ट्रिशियनने बिनइंडिकेटरचं बटण बसवलं, काम झालं.

पडवीत कारण वेगळं होतं: बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं. म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज! पावसाळ्यात ओल्या भिंतींच्या घरात हे धोक्याचंच, मिणमिणणं तर किरकोळ. मेन स्विच बंद करून त्याने तारा अदलाबदल केल्या.

देवघरात मी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा ठेवलाय. ६५०० चा पांढरा तिथे अगदी दवाखान्यासारखा वाटतो.