जुन्या टॉय ट्रेनचा सिग्नल लाइट कसा जोडायचा

आधी ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढा, आणि त्याची मेन कॉर्ड कडक झालेली किंवा तडकलेली असेल तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊच नका. लायोनेल या अमेरिकन कंपनीसारखा तीन रुळांचा जुना सेट धरून सांगतोय, त्यात मधल्या रुळातून करंट येतो आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जातो. सिग्नलला सप्लाय ट्रॅकवरून घेऊ नका हं, गाडी हळू केली की बल्बही मंद होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्या फिक्स टर्मिनलवरून (तिथला व्होल्टेज गाडीच्या वेगाबरोबर बदलत नाही) घ्या, साधारण १४ व्होल्ट, बल्ब १८ चा असला तरी चालतो, उलट जास्त टिकतो.

आता खरी गंमत. ट्रॅकच्या एका तुकड्यात बाहेरचा एकच रूळ वेगळा करायचा, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी पिनऐवजी करंट न जाऊ देणारी फायबरची पिन आणि खालच्या पट्ट्यांशी तो टेकतो तिथे इन्सुलेशनचा कागद. लाल बल्बची एक वायर फिक्स टर्मिनलला, दुसरी या वेगळ्या रुळाला. गाडी आली की तिची धातूची चाकं आणि अ‍ॅक्सल दोन्ही बाहेरचे रूळ जोडतात, सर्किट पूर्ण, लाल लागला! एरवी हिरवा हवा असेल तर लाल बल्बला पॅरलल त्याच व्होल्टेजचा एसी रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, लावा आणि हिरव्याची वायर त्याच्या नॉर्मली क्लोज्ड काँटॅक्टमधून (रिलेला करंट नसताना जोडलेला असतो तो) न्या. बल्बऐवजी नुसता एलईडी लावाल तर उडेल, रेझिस्टर आणि डायोड हवेतच.

लाल सतत पेटलेला राहिला तर आधी त्या फायबर पिना तपासा.