कौलं शाबूत, तरी वाऱ्याच्या पावसात गळती: माझा अनुभव

लक्षण असं: सरळ पावसात थेंब नाही, पण वारा सुटला की खोलीच्या मधोमध ठिबक. वरचं कौल बदललं, सांध्यात सिमेंट भरलं, डांबरी पट्टीही चिकटवली. गळती फक्त हातभर सरकली. वैताग आला होता.

पाणी जिथे टपकतं तिथे शिरत नाही. रिपेवरून (कौलांखालची आडवी लाकडी पट्टी), वाशावरून वाहत येतं. म्हणून कोरड्या दिवशी एकाला टॉर्च देऊन आत उभं केलं आणि पाइपने वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) आढ्याकडे (वरच्या टोकाकडे), कौलांची एकेक ओळ थांबत थांबत भिजवली. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं, काही कळत नाही. ठिबकेच्या बऱ्याच वर, एका ओळीशी आतल्या माणसाने ‘आलं पाणी’ म्हणून आवाज दिला.

तिथली कौलं आढ्याकडून खाली अशी उतरवली. कडेच्या खाचांत शेवाळ आणि माती घट्ट बसलेली. पाणी खाच ओलांडून आत येत होतं. आधी भरलेलं सिमेंटही खरवडून काढलं, कारण तेही निचरा अडवतं. खाचा तारेच्या ब्रशने साफ केल्या, कुजलेली रीप बदलली. प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहिलं: खणखणीत ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाद, कारण बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. मग वळचणीकडून वर, खाचेत खाच बसवत लावली आणि पुन्हा पाइप धरला. आत कोरडं.

चढताना पाय कौलाच्या खालच्या टोकाशी, रिपेवर द्यावा. मधोमध दिला तर कौल फुटतं.